टपालखर्च वेगळा

मला वाचता येऊ लागलं, तेव्हा छापील मराठीत जो पहिला गहन शब्दप्रयोग भेटला तो 'टपालखर्च वेगळा' हा होता. दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवर पुस्तकांच्या जाहिराती असत. पुस्तकाचं नाव ठळक, लेखकाचं त्याहून ठळक, 'किंमत तीन रुपये' मध्यम, आणि कंसात, मुंगीच्या टाइपात, 'टपालखर्च वेगळा'. आमचे बाबा चष्मा कपाळावर सरकवून ती मुंगी शोधून काढत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत, "वेगळा म्हणजे किती?"

त्याचं उत्तर जाहिरातीत नसे. ते आठ-दहा दिवसांनी पोस्टमन घेऊन येई. व्ही.पी.चं पार्सल त्याच्या हातात, तो उंबऱ्यात, आणि आई डाळीच्या डब्यात हात घालून सुटे पैसे शोधते आहे, असं ते दृश्य. पैसे मोजल्याशिवाय पार्सल मिळत नसे आणि पार्सल दारात आल्याशिवाय किती मोजायचे ते कळत नसे. बाबा निमूट पैसे देत आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारखेखाली लिहून ठेवत : ३.०० + १.१५. त्यातलं अधिकचं चिन्ह ते जरा जोरातच काढत. पुढच्या चार पानांवर ते उमटलेलं असे.

बाबांच्या प्रश्नाला थोर परंपरा आहे, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडात १८४० पर्यंत पत्राचे पैसे बहुधा पाठवणारा देत नसे. ज्याला पत्र यायचं तो देई. दर ठरे तो मैलांवर आणि कागदांच्या संख्येवर. म्हणजे लांबच्या आत्याने माया दाटून येऊन दोन कागद भरून लिहिलं, की इकडे भाच्याच्या पोटात गोळा. रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने बसून हिशेब केला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायला प्रत्यक्षात एका पेनीचा छत्तिसावा भाग खर्च येतो, आणि आकारणी होते शिलिंगाहून जास्त, असं त्याला आढळलं. मग नियम झाला : देशात कुठेही जा, एक पेनी, आणि पैसे आधी. आपल्याकडे १८५४ च्या ऑक्टोबरात हे शहाणपण अर्ध्या आण्याच्या तिकिटावर बसून आलं. त्यानंतर बिनतिकिटाचं पत्र टाकणारा समाजातून उठला. त्याच्या पत्राला 'नॉटपेड' म्हणत आणि घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करत.

तिकिटाची खरी गंमत अशी, की जे पैसे घेतले ते पाकिटावरच चिकटवलेले असतात. कुणालाही दिसतात. हा 'दिसतात' भाग पुढे माझ्या अंगाशी आला.

निवृत्त झाल्यावर माणूस दोन गोष्टी हाती घेतो : पहाटेचं फिरणं आणि घरातला माळा. फिरणं महिन्याभरात सुटलं. माळा मात्र मनावर घेतला. तिथे दोन शाईची पेनं, अंकांचे गठ्ठे, वडिलांचा फोनो आणि लाखेच्या तबकड्यांची एक पेटी निघाली. बायको म्हणाली, "जुन्या बाजारात देऊन टाका." पुण्याच्या जुन्या बाजारात मी अनेक रविवार घालवले आहेत, पण ते घेणाऱ्याच्या बाजूने. तिथे विकायला उभं राहायचं म्हणजे आपलीच किंमत ऐकून घ्यायची. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, ऑनलाइन लिलावात लावू. जगात कुठे ना कुठे एक वेडा असतोच, त्याला शोधायचं काम कॉम्प्युटर करतो."

ही कल्पना तशी नवी नव्हती. अमेरिकेत १९९५ साली ईबेची सुरुवात झाली तेव्हा पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट आले. बिघडलेला आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. त्याला बिघडलेलेच हवे होते. आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम निघालं, २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं आणि २०१८ मध्ये ते भारतातलं दुकान मिटलं. आता नाणी, तिकिटं, तबकड्या यांचे लिलाव व्हॉट्सॲपच्या गटांवरही चालतात. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणायला कुणी लागत नाही. वेळ संपते, इतकंच.

तर भाच्याने एका लिलावाच्या संकेतस्थळावर माझं खातं उघडलं आणि बालगंधर्वांच्या एका तबकडीचा फोटो लावला. मग अर्ज आला. वस्तूचं नाव, स्थिती, सुरुवातीची बोली. भाचा म्हणाला, "एक रुपया लिही. एक रुपया बघून गर्दी होते." मी छातीवर दगड ठेवून एक रुपया लिहिला. त्याखाली एक रिकामा चौकोन होता : टपाल आणि पॅकिंग.

तिथे माझा हात थांबला. लिलावात वस्तूची किंमत आपण ठरवत नाही, गिऱ्हाइकं आपसांत भांडून ठरवतात. तिथे आपण साळसूद असतो. सहाशे आले तर लोकांनी दिले, साठ आले तर आपलं नशीब. विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचा खरा आकडा एकच, तो त्या चौकोनातला. म्हणजे माणसाची नियत बघायची तर बोलीत बघू नये, तिथे बघावी.

मी दीडशे लिहिले. का, ते सांगता येणार नाही. शंभर फार गोल वाटले आणि दोनशे लिहायला धीर झाला नाही.

या बाबतीत मी एकटा पापी नाही, हे नंतर वाचून बरं वाटलं. तन्झीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर गाण्याच्या सीडी आणि व्हिडिओ गेम विकून एक प्रयोग केला आणि तो २००६ साली छापला. एकीकडे बोली चार डॉलरपासून, टपाल फुकट. दुसरीकडे तीच वस्तू, बोली एका सेंटपासून, टपाल तीन डॉलर नव्व्याण्णव सेंट. बेरीज दोन्हीकडे तीच. पण दुसऱ्या पद्धतीत एकूण पैसे सहसा जास्त आले. माणूस बोलीच्या आकड्याकडे टक लावून बसतो आणि टपालाचा आकडा त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून निसटतो. आमच्या बाबांना हे दोघे भेटायला हवे होते. बाबांच्या कोपऱ्यातून काही निसटत नसे.

काही विक्रेते तर याच्याही पुढे गेले. दलाली फक्त विक्रीच्या किमतीवर लागायची, टपालावर नाही. त्यामुळे वस्तू एका सेंटला आणि तिचं टपाल वीस डॉलर, असे चमत्कार होऊ लागले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण उगाच सांभाळून ठेवलेली नाही. शेवटी २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत टपालाच्या रकमेवरही दलाली घ्यायला सुरुवात केली. लबाडाची वाट बंद झाली, पण जो तिकिटाचे नेमके पैसे घेत होता त्यालाही त्या तिकिटावर दलाली भरावी लागली. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

माझी तबकडी सहाशे दहा रुपयांना गेली. घेणारे नागपूरचे. मग पॅकिंग करायची वेळ आली आणि माझ्या आयुष्यातले दोन तास कुठे गेले ते कळलं नाही.

लाखेची तबकडी म्हणजे पापडाची थोरली बहीण. पूर्वी पार्सल कापडात शिवून, गाठीवर लाख वितळवून त्यावर मोहोर उठवत. ती लाख आणि ही लाख एकाच आईची लेकरं. एक पार्सल राखणारी, दुसरी पार्सलात फुटणारी. आमची आई मुंबईच्या मावशीला पार्सल पाठवायची, तेव्हा मांजरपाटाचा तुकडा घेऊन गोधडीसारखे बारीक टाके घालायची. त्या शिवणकामाचे तिने मावशीकडून कधी पैसे घेतले नाहीत. मावशीनेही ते टाके उसवून कापड परत पाठवलं नाही, हा विषय मात्र घरात अधूनमधून निघे.

मी यूट्यूबवर पाहून शिकलो. तबकडीच्या दोन्ही बाजूंना तिच्याहून बोटभर मोठे पुठ्ठे लावायचे. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनही वाकत नाही. वरून फुग्यांचं प्लास्टिक. मग मोठा खोका, चारी बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे, आणि खोका कानाशी धरून हलवायचा. आवाज आला तर पुन्हा पहिल्यापासून. फुग्यांच्या प्लास्टिकातले निम्मे फुगे नातवाने आधीच फोडले होते, त्यामुळे दुसरं आणावं लागलं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पार्सल ठेवलं. ५०३ ग्रॅम. पोस्टाचा टप्पा पाचशेला संपतो. वर एक ग्रॅम गेला तरी पुढच्या पाचशेचे पैसे. त्या वेळच्या दराने नागपूरला पाचशेपर्यंत सत्तर रुपये ऐंशी पैसे, आणि त्यावर गेलं की एकशे सहा रुपये वीस पैसे. तीन ग्रॅमसाठी पस्तीस रुपये चाळीस पैसे! मी खोक्याच्या कडा कातरायला कात्री घेतली. बायको म्हणाली, "आत ती आभाराची चिठ्ठी घातली आहे ना जाड कार्डावर? ती काढा." काढली. ४९८. पोस्टातून परत येताना माझी चाल वेगळीच होती. कृतज्ञता वगळून मी पस्तीस रुपये वाचवले होते.

कुणाचे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो आठ दिवसांनी नागपूरहून आला.

"तबकडी शाबूत पोचली. पॅकिंग उत्तम. टपालखर्च दीडशे घेतलात. पाकिटावरच्या चिठ्ठीवर वजन ४९८ ग्रॅम, रक्कम ७०.८० असं छापलं आहे. बाकीचे कशाचे, एवढंच कळवावं. तक्रार नाही."

पोस्टखात्याइतकं चुगलखोर खातं दुसरं नाही. आपण खिडकीत पैसे भरतो, तो आकडा ते खातं बारकोडशेजारी छापून थेट गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन पोचवतं. रोलंड हिल मला पावणेदोनशे वर्षांनी नागपूरमार्गे गाठत होता. आणि ते शेवटचं 'तक्रार नाही'! ज्याला तक्रार असते त्याला उत्तर देता येतं. ज्याला नसते त्याला हिशेब द्यावा लागतो.

मी कागद घेऊन बसलो. टपाल ७०.८०. पुठ्ठे १०. फुग्यांचं प्लास्टिक १५. चिकटपट्टी ५. झाले शंभर रुपये ऐंशी पैसे. पुढे लिहिलं, 'रिक्षा, जाऊन येऊन, ३६'.

"कुठली रिक्षा?" बायको खांद्यावरून बघत होती. "साखर वाढली म्हणून चालत गेला होतात."

रिक्षा खोडली. 'श्रम, दोन तास' असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यातला तासभर तुम्ही यूट्यूब बघत होतात, आणि प्लास्टिक नातवामुळे दोनदा लागलं, ते त्यांच्या माथी नको." घासाघीस झाली. अखेर माझ्या श्रमाचे नऊ रुपये वीस पैसे मंजूर झाले, तेही बेरीज पूर्ण एकशे दहा व्हावी म्हणून.

आता कुणी म्हणेल, श्रमाचे पैसे घ्यावेतच का? माझं मत आहे, घ्यावेत. खोका, पट्टी, पुठ्ठा, बांधणाऱ्याचे हात, हे सगळं खर्चातच येतं. उपाहारगृहात 'पार्सलचे दहा रुपये वेगळे' ही पाटी गल्ल्यावर लावलेली असते, आपण ती वाचतो, मान हलवतो आणि मिसळ बांधून घेतो. फसवणूक दहा रुपयांत नसते. पाटी नसेल आणि दहा रुपये बिलात हळूच बसलेले असतील, तर असते. 'घरपोच मोफत' हीसुद्धा एक मुंगीच आहे, फक्त जाहिरातीत ती ठळक टाइपात असते. मुलगा दुचाकीवरून जिने चढून येतो तो काही फुकट येत नाही. त्याचं भाडं किमतीच्या पोटात कुठेतरी मुटकुळं करून बसलेलं असतं. आणि टपालखर्च अगदीच कमी लावणाऱ्याचंही कौतुक करू नये. मी एकदा तीस रुपयांत टपाल देणाऱ्याकडून तबकडी घेतली. ती साध्या पाकिटात आली. पाकीट एक होतं, तबकड्या चार झाल्या होत्या.

मुलीला परदेशी फराळ पाठवतो तेव्हा कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजतो, गुणाकार करतो, पाच हजारांनी भागतो. पन्नास बाय चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचा खोका म्हणजे सोळा किलो. आत फराळ नऊ किलोच आहे, उरलेली सात किलो चिवड्यामधली हवा. पहिल्या वर्षी मी भांडलो. पण त्याने सूत्र आधी दाखवलं होतं, विमानात जागा लागते हेही समजावलं होतं. हवेचं भाडं देताना जिवावर येतं, पण फसवलं असं म्हणता येत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही चिवडा कमी केला आणि अनारसे वाढवले.

अर्थात हिशेब दाखवला म्हणजे न्याय झालाच, असंही नाही. लिलाव म्हटलं की मला २०२३ च्या फेब्रुवारीतली एक बातमी आठवते. सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. लिलावात किलोला एक रुपया भाव निघाला. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा झाली आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. पट्टीवर सगळे आकडे लिहिलेले होते. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. पण तिथे वाहतूक विकणाऱ्याच्या माथी गेली, माझ्या तबकडीत ती घेणाऱ्याच्या माथी गेली, आणि इंग्लंडातल्या त्या भाच्याच्या वेळी पत्र न मागणाऱ्याच्या माथी गेली होती. एकूण बघता वाहून नेण्याचा भार त्याच्यावरच पडतो, ज्याला 'किती?' असं आधी विचारायची सोय नसते. बाबा चष्मा वर करून जे विचारत होते ते रुपया-सव्वा रुपयाबद्दल नव्हतं, हे मला या बातमीने शिकवलं.

मग आता मी काय करतो? आमच्या तबकड्यांच्या गटावर बहुतेक जण 'शिपिंग एक्स्ट्रा' लिहून मोकळे होतात. 'वेगळा'चंच ते इंग्रजी बाळ. काही सज्जन 'पोस्टेज ॲक्चुअल' लिहितात. मी त्यांच्यातला झालो आहे, पण बाबांचा मुलगा असल्याने एक पाऊल पुढे. बोली सुरू व्हायच्या आधी पार्सल बांधून, काट्यावर ठेवून फोटो टाकतो आणि खाली लिहितो : टपाल + पुठ्ठा + प्लास्टिक + पट्टी + बांधणावळ दहा रुपये. अधिकची चिन्हं मीही जरा जोरात दाबतो, पण फोनवर ती उमटत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात स्पीड पोस्टाचे दर बदलले, तेव्हा नवा तक्ता स्वयंपाकघरात काट्याशेजारी चिकटवला. त्याच वर्षी मे महिन्यात पोस्टाने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. बाबा असते तर आनंदाने पुस्तकांचा गठ्ठाच मागवून बसले असते, आणि मग तळटीप वाचून विचारलं असतं, "कर वेगळा म्हणजे किती?"

वाजवी टपालखर्च किती, याचं माझं उत्तर आता ठरलं आहे. गिऱ्हाईक समोर बसलं असताना ज्याची बेरीज त्याला मोठ्याने वाचून दाखवता येते, तेवढा.

नागपूरच्या गृहस्थांना चाळीस रुपये देणं निघालं. साध्या पाकिटात नोटा घालायच्या नाहीत असा पोस्टाचा दंडक आहे, म्हणून पाच-पाच रुपयांची आठ तिकिटं घेतली, हिशेबाचा कागद घातला, आणि पार्सलमधून काढलेली ती आभाराची चिठ्ठीही घातली. उलट टपाली पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आलं : "तिकिटं मिळाली. बेरीज तपासली. बरोबर आहे."

त्या पाकिटावर मी पाच रुपयांचं तिकीट लावलं होतं. ते हिशेबात धरलेलं नाही.